दोन वॅटचा सूर

४५ क्रमांकाचा ट्रायोड अमेरिकेत १९२९ साली रेडिओसाठी आला. काचेच्या फुग्यात मधोमध तंतू, त्याला वेढणारी बारीक तारेची जाळी आणि बाहेरून काळसर प्लेट, एवढाच त्याचा संसार. तंतू तापला की इलेक्ट्रॉन प्लेटकडे ओढले जातात. जाळीवरचा ऋण दाब त्यांची वाट कधी मोकळी करतो, कधी अडवतो. प्लेटवर २७५ आणि जाळीवर उणे ५६ व्होल्ट दिले, तर प्लेटला पुरवलेल्या १० वॅटपैकी जेमतेम २ स्पीकरपर्यंत पोचतात. बाकीची सगळी उष्णता.

तरीही त्याचा अँप्लिफायर बांधावासा वाटतो तो त्याच्या आवाजासाठी. एकट्या ट्रायोडची विकृती मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे वरच्या सप्तकातल्या त्याच सुराची असते. षड्जात थोडा तार षड्ज मिसळला तर कानाला खुपत नाही.

बांधणीत खरी कसोटी आउटपुट ट्रान्सफॉर्मरची. प्लेटला ४६०० ओहमचा भार हवा, स्पीकर ८ ओहमचा; म्हणून सेकंडरीच्या एका वेढ्यामागे प्रायमरीचे २४. प्लेटचा ३६ मिलिअँपिअर डीसी प्रवाह याच प्रायमरीतून अखंड वाहतो, त्यामुळे गाभ्याच्या पट्ट्यांत कागदाएवढी फट ठेवावी लागते. ती विसरली तर गाभा संपृक्त होतो आणि खर्ज हरवतो. काटकसर करायचीच तर लाकडी पेटीत करावी, इथे करू नये.

तंतू हाच कॅथोड असल्याने २.५ व्होल्ट एसीवर तो पेटवला की स्पीकरमधून घूं-घूं येते. त्यावरचा जुना उपाय अजून चालतो. तंतूच्या दोन टोकांमध्ये छोटे पोटेन्शिओमीटर लावायचे, कान स्पीकरजवळ न्यायचा आणि स्क्रू-ड्रायव्हरने ते केसभर फिरवत राहायचे. एका ठिकाणी घूं-घूं झपकन खाली बसते. पेच तिथेच सोडावा.

जाळीवरचा दाब वरखाली करायला आधी आणखी एक छोटा ट्रायोड लागतो. प्लेटचे २७५ आणि जाळीचे ५६ मिळून ३३० व्होल्टच्या वर पुरवठा लागतो आणि स्विच बंद केल्यावरही कंडेन्सर तो धरून ठेवतात. ते रिकामे करणारा रेझिस्टर कायमचा जोडावा आणि हात घालण्यापूर्वी मीटरने खात्री करून घ्यावी. यात हयगय जिवावर बेतते.

राहिला स्पीकर. १ वॅटला १ मीटरवर ९८ डेसिबल देणारा असेल तर घरातल्या खोलीला २ वॅट पुरतात. ८६ डेसिबलच्या स्पीकरला तेवढ्याच आवाजासाठी सुमारे १६ पट शक्ती लागते. म्हणून स्पीकर आधी निवडावा, सोल्डरिंग नंतर सुरू करावे.