थंडीतली शाळा आणि नवकारशी



वडिवळे धरणाच्या पाण्यावरून येणारा पहाटेचा गारठा सध्या हाडात शिरतोय. घरात लहान शाळकरी मूल असेल, तर आठवणीच्या चार गोष्टी सांगते.

जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातनंतर उगवतो. नवकारशी म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटे. पारायला जवळजवळ आठ वाजतात. शाळा सकाळी सातची असेल, तर मुलाने एक तर नवकारशी सोडायची, नाहीतर उपाशी जायचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितले. कारण होते मुलांची अपुरी झोप. त्यात आपली नवकारशीही साधली.

आता वेळेचा ताळेबंद पाहा. थंडीत चौविहार लवकर होतो. मूल साडेआठला झोपले, तर पहाटे हाका माराव्या लागत नाहीत. पण सकाळचे वाचलेले तास शिकवणीत घातले, तर शिल्लक शून्य!

बाटलीत उकळलेले पाणी कोमट असतानाच भरा. डब्यात बाजरीची भाकरी, तूप-गूळ द्या. स्वेटरवर नाव घाला. संक्रांतीला नायलॉनचा मांजा घेऊ देऊ नका. पाखरांचे पंख कापतात.

आणि एखाद्या लेकराला भूक सोसत नसेल, तर त्याच्यावर पच्चक्खाण लादू नका. रविवारी एक दिवस करू दे. धाकाने धरलेला नियम मोठेपणी सुटतो. आवडीने धरलेला अंगी मुरतो.