अनुभवदार

मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्या आणि पुढे तोच विषय शिकवीत राहिलेल्या माणसाला एक खोड जडते. तो जाईल तिथे शब्द वेचीत फिरतो. लोक प्रवासातून साड्या आणतात, लोणची आणतात. मी शब्द आणतो. त्यांना हमाल लागत नाही आणि घरी कोणी त्यांची किंमतही विचारीत नाही. तेलंगणातल्या एका शेतकरी गावातून मी असाच एक शब्द घेऊन आलो. तो मात्र मला चांगलाच महाग पडला. त्याचीच ही हकीकत.

२०२२ सालचा आश्विन होता. एका चर्चासत्राच्या निमित्ताने मी हैदराबादला गेलो होतो. तिथे तेलुगु शिकवणारे एक प्राध्यापक भेटले. वय माझ्याएवढेच, स्वभाव मोकळा, आणि शब्दांचे वेड माझ्याहून काकणभर अधिकच. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "आता शहर पुरे. दोन दिवस आमच्या गावी चला. बतुकम्मा आहे."

गाव पोचमपल्लीच्या पलीकडे. पोचमपल्लीचे नाव मराठी माणसाला परके नसावे. १८ एप्रिल १९५१ रोजी आपल्या विनोबांनी याच गावी भूमिहीनांसाठी जमीन मागितली, आणि वेदिरे रामचंद्र रेड्डी यांनी उभे राहून शंभर एकर देऊ केली. भूदानाची गंगा तिथून निघाली. मीही तिला मनोमन नमस्कार केला. दुसऱ्याने दिलेल्या जमिनीला नमस्कार करणे फारसे कठीण नसते.

मित्र आदल्या दिवशी पुढे गेले होते, त्यामुळे बसचा प्रवास मला एकट्याला करावा लागला. त्या दीड-दोन तासांत माझी एम. ए. ची पदवी पार गळून पडली. गावोगावच्या पाट्या गोल वळणाच्या, सुरेख अक्षरांत रंगवलेल्या. पण मला त्यातले एकही अक्षर लागेना. दर थांब्याला मी कंडक्टरच्या तोंडाकडे पाही आणि तो बिचारा मान हलवून 'अजून नाही' असे सांगे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढणारा मी त्या दिवशी पुरता निरक्षर होऊन बसलो होतो.

गावात उतरलो आणि मन निवले. शिवेवर एक मोठे तळे. त्याला ते 'चेरुवु' म्हणतात. तळ्याखाली भाताची खाचरे, वरच्या कोरडवाहू रानात कापूस, आणि बांधाबांधांवर ताडाची झाडे. माळावर तरवड पिवळाधमक फुललेला. ती फुले आणि कुरडूचे पांढरट-गुलाबी तुरे तोडून पोरीबाळी टोपल्या भरीत होत्या. ही फुले थरावर थर रचून बतुकम्मा करायची, संध्याकाळी तिच्याभोवती फेर धरायचा आणि शेवटी ती तळ्यात सोडायची. मला आमच्या भोंडल्याची आठवण झाली.

माझी शब्दांची झोळी तर भराभर भरू लागली. शेतकरी म्हणजे 'रैतु', आपली रयत. ज्वारी म्हणजे 'जोन्न', आपला जोंधळा. अंबाडीला तिकडे 'पुंटिकूर' म्हणतात. नाव निराळे, पण भाकरीबरोबर चव अगदी घरची. आजोबा म्हणजे 'तात'. आमच्या गावातही एक तात्या आहेत. त्यांच्याविषयी पुढे सांगायचेच आहे. यात तसे नवल नव्हते. माझे मूळ गाव मराठवाड्यातले. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आमचा मराठवाडा आणि हा तेलंगण एकाच हैदराबाद राज्यात होते. दोन्हीकडच्या सातबारावाल्यांची कुंडली एकच. १९५४-५५ ची 'खासरा पहाणी' म्हटले की आमच्याकडचा म्हातारा जसा कान टवकारतो, तसाच इथलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्रांना काही कामासाठी तालुक्याला जावे लागले. जाताना ते म्हणाले, "तुम्हाला आमच्या तातांकडे सोडतो. शेत तेच पाहतात. त्यांची नात इंटरला आहे, हिंदी छान बोलते."

तात साठीच्या पुढचे, काटकुळे, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मित्रांची अकरा एकर जमीन ते बारा वर्षे करीत होते. ओळख करून देताना नात म्हणाली, "हमारे दादाजी कौलु रैतु हैं."

कौलु! माझे कान उभे राहिले. आपल्या कागदपत्रांतला कौल, कौलनामा तो हाच. दुसऱ्याची जमीन खंडाने करणारा तो कौलु रैतु. मी लगेच वही काढली. मी शब्द लिहून घेतो आहे हे पाहून तातांना मोठी गंमत वाटली असावी. ते आत गेले आणि पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद घेऊन आले.

तो जुन्या पहाणीचा उतारा होता. नातीने एकेका रकान्यावर बोट ठेवून तो वाचून दाखवला. सर्व्हे नंबर, क्षेत्र, पीक. मग 'पट्टादारु', म्हणजे मालक. तिथे माझ्या मित्रांच्या वडिलांचे नाव होते. त्याच्या पुढच्या रकान्यावर बोट येताच ती म्हणाली, "और ये अनुभवदारु." तिथे तातांच्या वडिलांचे नाव होते.

मी तिला तो शब्द पुन्हा उच्चारायला लावला. अनुभवदारु! आपण ज्याला वहिवाटदार म्हणतो तो. जमीन ज्याच्या नावावर तो पट्टादार, आणि जमीन ज्याच्या हाताखाली तो अनुभवदार. रखरखीत महसुली कागदात असा शब्द सापडावा, याचा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! साहित्यातला अनुभव, अनुभवाची सच्चाई, अनुभूती या विषयांवर मी वर्षानुवर्षे वर्गात बोलत आलो आहे. इथे एका कारकुनाने तो सारा विषय एका रकान्यात बसवून टाकला होता.

"आणि तातांचे नाव कोणत्या कागदात आहे?" मी उत्साहाने विचारले.

नातीने आजोबांकडे पाहिले. मग तिने जे सांगितले ते असे. २०१७ साली सगळ्या राज्यातल्या जमिनींच्या नोंदी नव्याने तपासल्या गेल्या. त्यानंतर जी नवी पासबुके निघाली त्यांत पट्टादाराचे नाव आहे, अनुभवदाराचा रकानाच नाही. २०२० साली 'धरणी' नावाची संगणकावरची व्यवस्था आली, तिच्यातही नाही. २०१८ पासून 'रैतुबंधु' योजनेत सरकार शेतीच्या खर्चासाठी मदत देऊ लागले. आधी हंगामाला एकरी ४००० रुपये, पुढे ५०००. ती पट्टादाराच्या खात्यात जाई. त्या जुलैत पावसाने कापसाची पहिली पेर कुजली होती. तातांनी पुन्हा बियाणे आणले होते, एका पाकिटाला ८१० रुपये देऊन. खंड मात्र उगादीलाच रोख देऊन झालेला होता.

हे सांगताना तातांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उलट, "सारू फार चांगले आहेत, अडल्यानडल्याला पैसे देतात," असे त्यांनी दोनदा सांगितले. आणि ते खरेच होते. माझे मित्र चांगलेच आहेत.

मग तातांनी मला विचारले, "सारू, तुम्हाला जमीन आहे?"

"आहे. पाच एकर."

"कोण करतो?"

"आमच्याकडे एक तात्या आहेत, ते करतात."

"त्यांचे नाव कागदावर आहे?"

वाचकहो, प्रश्न साधा होता आणि त्याचे खरे उत्तर एका शब्दाचे होते. मी दुसराच शब्द उच्चारला. मी "आहे" म्हणालो.

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. त्याने आतल्या बाजूला तोंड करून बायकोला हाक मारली आणि मोठ्याने काहीतरी सांगितले. नातीने हसत भाषांतर केले, "वो बोल रहे हैं, महाराष्ट्र में जोतनेवाले का नाम लिखते हैं." ती माउली बाहेर आली आणि माझ्या ताटात तिने आणखी एक गरम भाकरी वाढली. ती भाकरी मी कशी संपवली, ते मलाच ठाऊक.

त्या संध्याकाळी तळ्याकाठी दिवे लागले, फुलांच्या उतरंडी पाण्यावर तरंगत गेल्या, बायका टाळ्या वाजवीत गात राहिल्या. दृश्य अपूर्व होते. पण माझे लक्ष त्यात नव्हते.

आता आमच्या तात्यांविषयी. आमची पाच एकर जमीन ते बावीस वर्षे बटईने करीत आहेत. आमचे वडील शिक्षक होते. माणूस म्हणून तात्यांवर त्यांचा फार जीव. पण १९५० चा हैदराबादचा कूळकायदा आमच्या घराण्याच्या हाडीमाशी खिळला आहे. वडील जाण्यापूर्वी आम्हा दोघा भावांना म्हणाले होते, "तात्याला अंतर देऊ नका. पण कागद करू नका." आमच्या जुन्या हस्तलिखित उताऱ्यांवर 'जमीन करणाऱ्याचे नाव' असा रकाना आहे. त्यात दरसाल एकच शब्द लिहिलेला आहे: 'खुद्द'. मी त्या शेतात खुद्द किती वेळा गेलो, हे हाताच्या बोटांवर मोजता येईल.

आणि यापेक्षाही अवघड गोष्ट निराळीच होती. २०२१ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. तात्यांचे सोयाबीन शेतातच सडले. सरकारने जिरायत पिकांना हेक्टरी १०,००० रुपयांची मदत जाहीर केली. आमच्या दोन हेक्टरांचे वीस हजार हप्त्यांनी माझ्या खात्यात जमा झाले. बँकेत ते खाते माझेच दिलेले होते. दिवाळीचे दिवस होते. घरात धुलाईयंत्र आले. पैसे कोणाचे, हा प्रश्न माझ्या मनात आलाच नाही. मी ते चोरले असते तर निदान मला आठवण तरी राहिली असती!

पुण्याला परतल्यावर मी हे सारे सौभाग्यवतींना सांगितले. त्या भाजी निवडीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पैसे तात्यांचेच होते की. मला वाटलं, तुम्ही त्यांना विचारलं असेल."

दिवाळीच्या सुटीत मी वीस हजार रुपये पाकिटात घालून गावी गेलो. सोयाबीन नुकतेच निघाले होते. वाटेत मनाशी चार वाक्ये जुळवून ठेवली होती. पण पाकीट हाती घेताच तात्यांचा चेहरा पडला. ते मटकन ओट्यावर बसले. "मालक, हिशेब करायलाव का? रान काढून घ्यायलाव? काय चुकलं आमचं?"

बावीस वर्षांत मालकाच्या घरून आपणहून पैसे आलेले त्या माणसाने कधी पाहिले नव्हते. आले, ते शेवटच्या हिशेबाचेच असणार! रान त्यांच्याकडेच राहणार आहे, हे पटवून द्यायला मला तास लागला. मग कागदाचा विषय काढला, तर ते आणखी घाबरले. "कागद कशाला? धाकटे मालक काय म्हणतील?"

धाकटे मालक पुष्कळ काही म्हणाले. मी पुस्तके वाचून बिघडलो, वडिलांचा शब्द मोडला, उद्या जमीन गेली तर मुलांना काय सांगणार, वगैरे. त्याचे सगळेच चुकीचे होते असे नाही. भीती हीसुद्धा वडिलोपार्जित असते, आणि तिची वाटणी जमिनीहून कठीण. अखेर तीन वर्षांचा भाडेपट्टा करून तो नोंदवायचे ठरले. असा कागद असला म्हणजे करणाऱ्याला पीकविम्याच्या दारात तरी उभे राहता येते. २०२३ च्या पाडव्यानंतरच्या आठवड्यात आम्ही दुय्यम निबंधकाच्या कचेरीत गेलो. भावाने सही केली. माझ्याकडे न पाहता केली. तात्या नवा सदरा घालून आले होते.

त्या रात्री मी हैदराबादच्या मित्रांना फोन केला आणि सगळे सांगितले. त्यांनी मनापासून अभिनंदन केले. मग थोडे थांबून म्हणाले, "तुमची पाच एकर आहे. माझी अकरा आहे." आम्ही दोघेही हसलो, आणि बतुकम्मेच्या गाण्यांवर बोलू लागलो. त्यांना नावे ठेवण्याचा मला काय अधिकार? ते वाक्य मीही बावीस वर्षे निरनिराळ्या शब्दांत बोलतच होतो.

'धरणी'च्या जागी २०२५ साली 'भू भारती' आली. तातांशी मी एक खोटे शब्द बोललो होतो, तो खरा करायला मला सहा महिने लागले. हे त्यांना मी अजून सांगितलेले नाही. सांगायचे तर आधी ते खोटे कबूल करावे लागेल, आणि नातीला त्याचे भाषांतर करावे लागेल.

वर्गात मी 'साहित्य आणि अनुभव' हा पाठ अजूनही शिकवतो. फक्त फळ्यावर तो दुसरा शब्द लिहिला की माझा खडू जरा थांबतो. मुले म्हणतात, सर हल्ली या पाठात फार वेळ घेतात.