आधी काम, मग चाकू

मुलांचे सुतारकामाचे वर्ग घ्यायला लागल्यापासून पालकांचा एक प्रश्न ठरलेला आहे : मुलाला पहिला चाकू कितव्या वर्षी द्यावा? काळजीपोटी विचारलेला प्रश्न आहे, पण त्याचे उत्तर वयाच्या आकड्यात सापडत नाही. सात वर्षांची एखादी मुलगी सुईत दोरा ओवते, पेन्सिलीला नीट टोक काढते, सांगितलेले शेवटपर्यंत ऐकून घेते. तिच्या हाती चाकू द्यायला मला भीती वाटत नाही. बारा वर्षांचा मुलगा एका जागी बसतच नसेल, तर त्याला मी थांबवून ठेवतो. म्हणून मी पालकांनाच विचारतो : चाकूने तो काय करणार आहे? बहुतेकांनी याचा विचारच केलेला नसतो. नुसता चाकू मिळालेले मूल त्याने काय कापता येईल ते शोधत हिंडते. आधी काम मिळालेले मूल त्या कामासाठी चाकू हातात घेते. या दोन मुलांच्या हातांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

तेव्हा आधी काम ठरवावे. कुंडीतल्या रोपाला आधाराची काठी, बी पेरल्यावर वाफ्यात खोचायची नावाची पाटी, लोणी लावायची लाकडी सुरी, एवढे पुरे. काम ठरले की निम्मा चाकू निवडून झाला. लाकूड तासायचे असेल तर एकच पाते लागते. कात्री, बाटली उघडणी, पेचकस असा संसार पोटात घेतलेला जाडजूड चाकू मुलांना फार आवडतो, पण तासताना त्याच्या कडा तळव्यात रुततात आणि पकड सैल होते. कोकणात कलमे बांधणाऱ्यांकडे घडीचा चाकू असतो. तो त्यांच्या कामाला चोख, पण त्याला बहुधा एकाच बाजूने धार असते. रोपाच्या खोडावर सपाट तिरका काप घ्यायला ती हवीच. लाकूड तासताना मात्र असे पाते एका अंगाला ओढत जाते आणि नवख्या हाताला ते सावरत नाही. पहिल्या चाकूला दोन्ही बाजूंनी सारखी धार असावी. मूल डावखुरे असेल तर हे आणखीच महत्त्वाचे.

दुकानात जाताना मुलाला बरोबर न्यावे. आधी मूठ पाहावी. मुलाने ती धरली की बोटांची टोके तळव्याला जेमतेम टेकली पाहिजेत. बोटे तळव्यापर्यंत पोचत नसतील तर मूठ मोठी आहे. बोटे तळव्यात रुतत असतील तर ती लहान आहे. मुठीचा छेद गोल नसावा, लांबट अंडाकार असावा. गोल मूठ हातात फिरते. अंडाकार मुठीमुळे धार कोणत्या बाजूला आहे हे हाताला न बघताच कळते. पाते सात-आठ सेंटीमीटरचे पुरते. याहून लांब पात्याचे टोक नेमके कुठे आहे याचे भान मुलाला राहत नाही. टोक गोलसर असलेले उत्तम, कारण तासण्याचे सगळे काम पात्याच्या मुठीजवळच्या भागाने होते आणि अणकुचीदार टोक सुरुवातीला लागतच नाही.

घडीचा चाकू असेल तर तो मुलानेच उघडून आणि मिटून दाखवावा. स्प्रिंग इतकी ताठ असेल की नख लावून पाते निघत नाही, तर घरी गेल्यावर मूल दात लावणार. पाते अडकून राहायची सोय असलेलाच चाकू घ्यावा, नाहीतर दाब उलटा पडला की पाते बोटांवर मिटते. फ्रान्समध्ये, आल्प्सलगतच्या सावोआ भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये लाकडी मुठीचा साधा घडीचा चाकू केला. त्याच्या मानेवर फिरणारे कडे मात्र १९५५ मध्ये आले. कडे फिरवले की पाते जागच्या जागी घट्ट. याच चाकूचा मुलांसाठीचा सात नंबर मिळतो, आठ सेंटीमीटरच्या पात्याचा आणि गोल टोकाचा. तरी मला कोणी एकच सल्ला मागितला तर मी न मिटणारा, म्यानात राहणारा छोटा चाकू सुचवतो. स्वीडनमधल्या मोरा गावचे असे चाकू प्रसिद्ध आहेत. मुलांसाठीच्या चाकूत बोट पुढे सरकू नये म्हणून मुठीला आड दिलेली असते. जे मिटतच नाही ते बोटावर मिटण्याचा प्रश्न येत नाही. खिशात मावण्याची हौस पुढच्या चाकूला भागवता येते.

चाकूने शिकवायला सुरुवात करावी हा विचार जुना आहे. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांच्या आग्रहाने १८६६ च्या शिक्षण कायद्यात हस्तकाम शाळेत आले. स्वीडनमधल्या नेस इथे ओटो सालोमन यांनी त्याची शिस्तशीर पद्धत बसवली आणि देशोदेशींचे शिक्षक ती शिकायला तिथे जाऊ लागले. त्यांच्या वस्तुमालिकेची सुरुवात चाकूने तासायच्या लहान काड्यांनी होते, फुलझाडाच्या आधाराची काठीही त्यात लवकर येते. करवत, रंधा, पटाशी पुढे टप्प्याटप्प्याने. मुलाने केलेली वस्तू घरात वापरता यावी असा त्यांचा कटाक्ष होता. आपल्याकडे १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला गेला आणि झाकीर हुसेन समितीच्या आराखड्यात सूतकताईच्या जोडीला सुतारकामही होते. हाताला डोक्याइतकाच मान देणारी ती वाट पुढे अरुंद होत गेली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

चाकू घरी आला की बसण्यापासून शिकवावे लागते. आपल्या मुलांना मांडी घालून जमिनीवर बसायची सवय. चाकूकामाला ती बैठक धोक्याची, कारण पात्याखाली थेट मांड्या येतात आणि मांडीच्या आतल्या अंगाला मोठी रक्तवाहिनी असते. मी मुलांना बुटक्या स्टुलावर बसवतो. कोपर गुडघ्यांवर आणि लाकूड गुडघ्यांच्या पुढे. मग प्रत्येकाला मिटलेला किंवा म्यानातला चाकू हातात धरून हात चहूकडे लांब करून फिरवायला लावतो. त्या घेरात कोणी असेल तर चाकू उघडायचा नाही. कोणी घेरात आले तर हात थांबलाच पाहिजे.

पहिला काप मी विळीच्या रीतीने शिकवतो. विळीवर पाते जागचे हलत नाही, भाजी पात्याकडे जाते. इथेही मूल चाकूचा हात गुडघ्यावर घट्ट रोवते, धार बाहेरच्या बाजूला, आणि दुसऱ्या हाताने काठी मागे, स्वतःच्या कमरेकडे ओढते. पाते स्थिर राहते, हलते ते लाकूड. आजीला विळीवर बसलेली पाहिलेल्या मुलाला हे दोनदा सांगावे लागत नाही. दुसरा काप अंगठ्याचा. काठी धरलेल्या हाताचा अंगठा पात्याच्या बोथट पाठीवर ठेवायचा आणि त्यानेच पाते पुढे ढकलायचे. चाकूचा हात फक्त दिशा देतो. अंगठ्याची लांबी जेवढी, तेवढाच काप होतो आणि पाते तिथेच थांबते. मूल आधी जोर लावून पाहते आणि पाते लाकडात रुतून बसते. कोन थोडा उताणा केला की साल सुटते आणि तिच्याखालून पातळ ढलपी गोल वळत वर येते. तिथे मूल स्वतःहून थांबते आणि तस्साच काप पुन्हा घेऊन बघते. जोरापेक्षा कोन मोठा, हे त्याच्या बोटांना कळलेले असते.

लाकूड ओले, ताज्या फांदीचे आणि बिनगाठीचे घ्यावे. वाळलेला साग नवख्या हाताला दाद देत नाही. पांगारा मऊ आणि हलका. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी तो पिढ्यानपिढ्या वापरात आहे. काटे मात्र आधी मोठ्यांनी काढून द्यावेत. शिवणही गुणी. कण्हेरीची सरळ काठी मुलांना हटकून मोहात पाडते, पण ती विषारी आहे. शेराचा चीक डोळ्यात गेला तर आग होते. बिब्ब्याने कातडी पोळते. या तिघांची ओळख मी चाकू देण्याआधी करून देतो.

आता धारेचे. लागू नये म्हणून पालक मुद्दाम बोथट चाकू देतात. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, जोर लावला की ते सालीवरून घसरते आणि घसरल्यावर कुठे जाईल याचा नेम नसतो. धारदार पाते थोड्या दाबाने जिथे टेकवले तिथेच शिरते. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून न फाटता कापला गेला तर धार ठीक. मूल महिनाभर चाकू वापरू लागले की त्याला दगडावर धार लावायला बसवावे. दोन्ही बाजूंनी साधारण वीस-वीस अंशांचा कोन, पाण्याने भिजवलेला दगड, सावकाश हात. धार लावणारे मूल चाकू इकडेतिकडे टाकत नाही, त्याने दगड-माती खरवडत नाही. आपण मिळवलेली धार कशाने जाते, हे त्याला माहीत झालेले असते.

एवढे करूनही कधीतरी बोट कापते. स्वच्छ फडके घट्ट दाबून हात वर धरायचा, रक्त थांबले की जखम धुवायची. धनुर्वाताची लस वेळेवर झालेली असावी. जखम खोल असेल तर दवाखाना गाठायचा. त्या वेळी मोठ्यांनी आरडाओरडा केला तर मूल पुढच्या वेळी जखम लपवते, आणि लपवलेली जखम जास्त वाईट. घरचे नियमही थोडेच, पण पक्के ठेवावेत. चाकू शाळेत न्यायचा नाही, हातात घेऊन धावायचा नाही, जिवंत झाडावर चालवायचा नाही आणि दुसऱ्याला देताना मिटून किंवा म्यानात घालूनच द्यायचा. एखादा नियम मोडला तर चाकू काही दिवस कपाटात, आणि ठरल्या दिवशी न मागता परत.

शेवटचे सांगणे खर्चाचे आहे, पण ते मी हटकून सांगतो. चाकू एक घेऊ नका, दोन घ्या. दुसरा तुमचा. सुरुवातीचे काही महिने मुलाच्या शेजारी, हातभर अंतर राखून, तुमचीही काठी घेऊन बसा. समोर उभे राहून 'जपून, जपून' म्हणणारा माणूस मुलाचे लक्ष पात्यावरून उडवतो. शेजारी बसून मन लावून तासणाऱ्या माणसाचा हात पाहून मूल आपला हात बसवते. तेवढा वेळ द्यायची तयारी असेल तर तुमच्या मुलाचे चाकूचे वय झाले आहे.