थंडीतली पहिली गरी

तलावाच्या पाळीवर लहानाचा मोठा झालो, पण वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी कधी गरी हातात धरली नव्हती. वडील विडी वळायचे, आई रोवणीला जायची. मासा घरात यायचा तो बाजाराच्या दिवशी, तोही पैसे उरले तर.

यंदाच्या पौषात मुलगा हट्टालाच पेटला. थंड देशांत तळी गोठतात, तेव्हा लोक बर्फाला भोक पाडून गरी टाकतात, असे त्याने वाचले होते. बर्फ चांगला चार इंच टणक असल्याशिवाय त्यावर पाय ठेवत नाहीत म्हणे. "बाबा, खालचे मासे मरत नाहीत का?" मला उत्तर येईना. त्याच्या गुरुजींनी सांगितले : चार अंशाचे पाणी सर्वांत जड. ते तळाशी बसते, म्हणून वर बर्फ झाला तरी खाली मासा जगतो.

आपल्या भंडाऱ्यात बर्फ कुठला! पण रविवारी पहाटे कुडकुडत बापलेक पाळीवर जाऊन बसलो. तेवढ्यात शेजारचे ढिवरकाका आले.

"काहून गा, कोणाले विचारून बसलास?"

"काका, तलाव तर सरकारी ना?"

"तलाव सरकारी, पण ठेका आमच्या सोसायटीचा. पावसाळ्यात रोहू-कतल्याचं बीज आमीच सोडलं."

मी ओशाळलो. मालगुजारी १९५१ साली गेली, तलाव सरकारकडे आले, एवढेच मला ठाऊक होते. महाडच्या तळ्यावर १९२७ साली बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क मिळवायला शिकवले, ते आपण मुलांना अभिमानाने सांगतो. पण त्याच पाण्यात कुणाचा घाम पडला आहे, हे विचारायचे मीच विसरलो होतो.

काका रागावले नाहीत. "आता आलासच तं शिक," म्हणून शेजारी बसले. थंडीत मासा सुस्त असतो, कमी खातो आणि खोल पाण्यात राहतो. म्हणून पहाटे कुडकुडण्यात अर्थ नाही, ऊन वर आल्यावर यावे. गरी बारीक घ्यावी, गांडुळाचा तुकडा लहान लावावा. तरंगी बुडेलच असे नाही, नुसती थरथरते. तेव्हा झटका न देता बांबू हळूच उचलावा. लेकरांना पाळीवरच बसवावे, पाण्यात उतरू देऊ नये. गाळात पाय रुततो.

दोन तासांनी तरंगी थरथरली. मुलाने बांबू उचलला. बोटाएवढे रोहूचे पिल्लू!

"सोड, बापू. वाढू दे त्याले," काका म्हणाले.

मुलाचा चेहरा पडला, पण त्याने सोडले. काकांकडून अर्धा किलो रोहू विकत घेऊन आम्ही घरी आलो. वाटेत तो म्हणाला, "बाबा, पुढच्या रविवारी आधी काकांना विचारून येऊ."

वाचकहो, लेकरांना गरी जरूर शिकवा. पण आधी विचारून या.