इसारापूर्वी

महाड

चि. सौ. ताईस,

पोलादपूरकडच्या वाडीतील ते कौलारू घर तुम्हा उभयतांच्या मनात भरले असून, मालकांपैकी तेथे राहणाऱ्या थोरल्या भावाने सांगितलेल्या किमतीत थोडी घासाघीस करून येत्या आठवड्यात इसार देऊन मोकळे व्हावे असा तुमचा बेत असल्याचे तुझ्या पत्रावरून कळले. घर मी पाहून आलो. काळ्या दगडाचे जोते कोठे खचलेले नाही, माजघराच्या तुळयांना वाळवी शिवलेली नाही. घर घेण्याजोगे आहे याविषयी माझ्या मनात संदेह नाही. परंतु मालकांची एक बहीण केव्हाच लग्न होऊन परळला गेली, तिचा आता संबंध नाही, असे जे तू त्यांच्या सांगण्यावरून लिहिले आहेस, त्या वाक्यापाशी मी थांबलो, आणि हे पत्र त्याच वाक्यासाठी लिहीत आहे.

तिचा संबंध आहे, आणि तो भावांइतकाच आहे. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात ९ सप्टेंबर २००५ रोजी जी दुरुस्ती अमलात आली, तिने वडिलोपार्जित मिळकतीत कन्येला जन्मतःच पुत्राबरोबरीचा हिस्सा दिला. आणि त्या दिवशी पिता हयात असो वा नसो, कन्येचा हक्क अबाधित राहतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत वाटप किंवा न्यायालयाचा हुकूमनामा झाला असेल तर गोष्ट निराळी. येथे तसा कागद कोणी दाखवीत नाही.

परसबागेचा सातबारा आणि जुने फेरफार मी काढून आणले. त्यांत मालकांच्या आजोबांच्या नावापुढे ‘ए. कु. क.’ ही तीन अक्षरे आहेत. म्हणजे ते नाव एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून लागले होते, एकट्याचे मालक म्हणून नव्हे. पुढे मालकांच्या वडिलांच्या वारसाचा फेरफार झाला तेव्हा तीन मुलगे लिहिले गेले आणि मुलगी राहून गेली. फेरफार हा महसुलाच्या सोयीचा दाखला आहे. त्यात नाव नाही म्हणून हक्क बुडत नाही, आणि ग्रामपंचायतीची घरपट्टी थोरल्याच्या नावे येते म्हणून घर त्या एकट्याचे होत नाही. महाड-पोलादपूर या दोन तालुक्यांतली कुटुंबेच्या कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी मुंबईला गेली, गौरीगणपतीला आणि शिमग्याला परत येत राहिली, आणि मागे घर राखणाऱ्याचे नाव कागदावर ठळक होत गेले. यात त्याने लबाडी केली असे मी म्हणत नाही. परंतु ज्या मुलीने त्या ओटीवर बालपण घालविले, तिला न विचारता तिचे माहेर विकत घेणे हे कायद्याने कच्चे आहेच, पण मला ते मनानेही पटत नाही. तुझ्या आईला कोणी असे वगळले असते तर आपणा सर्वांना काय वाटले असते?

त्याच परसबागेविषयी आणखी एक. ती गावठाणाबाहेरच्या सर्व्हे नंबरात असून आकार शेतीचा आहे, आणि तुम्हा दोघांच्या नावे कोठेही शेतजमीन नाही. १९४८च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून ती घेता येत नाही. फणसाच्या झाडांवर तुझा जीव जडला आहे हे मी जाणतो, तरी बागेची किंमत घराच्या किमतीत मिसळू देऊ नकोस.

आता डोंगराविषयी. २२ जुलै २०२१ च्या पावसात आमच्या तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसाने पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही घरे गाडली. २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते यांच्यावर हाच प्रसंग आला होता. म्हणून तहसील कचेरीत दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी आहे का ते पाहा, आणि श्रावणात एकदा येऊन घरामागच्या उतारावर चाल: जमिनीला भेग पडली आहे का, झाडे एका अंगाला कलली आहेत का, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ येते का, हे गुराख्याला विचारलेस तरी तो सांगेल. महाडच्या बाजारपेठेतील जी जुनी माडी तुम्ही दुसरी पसंती म्हणून धरली आहे, तिचा तळमजला नुकताच माणसाच्या उंचीपर्यंतच रंगविला आहे. सावित्री-गांधारीचा पूर पाहिलेल्या माणसाला त्या रंगाखाली काय असते ते सांगावे लागत नाही. नवी इमारत सुचविणारेही भेटतील. काजळपुऱ्यातील तारीक गार्डन ही पाचमजली इमारत पुरती दहा वर्षांचीही नव्हती, आणि २४ ऑगस्ट २०२० रोजी ती कोसळून सोळा जीव गेले. तेव्हा नवेपणावर भिस्त ठेवू नये.

हे सारे झाल्यावर बोली करावी. इसार अल्प असावा आणि धनादेशाने द्यावा. इसारपावतीत सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या, बोजा नसल्याची हमी, रिकाम्या घराचा कब्जा आणि मुदत ही कलमे स्पष्ट लिहून, त्यांपैकी एकही पुरे न झाल्यास इसार परत मिळेल असे नमूद करावे. साठेखताने मालकी येत नाही, ती नोंदलेल्या खरेदीखतानेच येते, आणि खरेदीखत सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणीस हजर करावे लागते. थोरला भाऊ आपल्या मुंबईतल्या भावाचे कुलमुखत्यारपत्र पुढे करील, तर तो हयात आहे ना याची खात्री कर. देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर ते सामान्यतः संपते. घर तुझ्या एकटीच्या नावे घेतलेस तर मुद्रांक शुल्कात स्त्रियांना असलेली एक टक्क्याची सवलत मिळेल, आणि तसेच घ्यावे असे मला वाटते.

परळच्या त्या बाईंचा पत्ता थोरल्या भावाकडून मागून घे आणि येत्या रविवारी तू स्वतः त्यांच्याकडे जा. त्यांनी हक्कसोडपत्र करावे की विक्रीत आपला वाटा घ्यावा, हे त्यांचे त्यांना ठरवू दे. इसाराचा धनादेश त्यानंतरच लिही.

तुझा,
मामा