दारावर न लावलेला कागद

भोपाळच्या कोलार रोडवर राहणाऱ्या आम्हां मराठी कुटुंबांस गाण्याची हौस मोठी. मात्र साधने बेताची. २०२३ च्या डिसेंबरात आमच्या लहानशा मंडळाने एका शाळेच्या सभागृहात नाट्यसंगीताची बैठक ठरविली. तिकीट दोनशे रुपये, वेळ सायंकाळी सहाची. रस्ता सहापदरी करण्याचे काम त्या वर्षी चालू होते. खोदकाम व धूळ यांतून वाट काढीत आम्ही घरोघर तिकिटे विकली. प्रत्येकाचे नाव व दूरध्वनीचा क्रमांक पावतीपुस्तकात लिहून घेतला.

चूनाभट्टीकडे राहणाऱ्या एका काकूंनी पहिल्याच दिवशी तिकीट घेतले. वय ऐंशीच्या पुढे, घरात त्या एकट्या. तरुणपणी देवासला जाऊन त्यांनी कुमार गंधर्वांचे गाणे समोर बसून ऐकलेले. तिकिटाबरोबर त्यांनी आमच्या हाती एक चिठ्ठीही ठेविली. 'स्वयंवर' नाटकातील एका पदाची ती फर्माईश होती.

कार्यक्रमाच्या दिवशी पुण्याहून येणारी गायकांची गाडी साडेतीन तास उशिरा धावू लागली. आम्ही कार्यक्रम साडेआठवर नेला, मोबाइलवरील मंडळाच्या गटात तसा संदेश टाकला आणि निश्चिंत मनाने स्टेशनावर गेलो. सभागृहाला कुलूप होते. दारावर चार ओळींचा कागद चिकटवावा, हे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही. उशिराचा दोष रेल्वेचा असेल. हा दोष मात्र आमचाच.

बैठक उत्तम रंगली. गायकांनी ती फर्माईश आवर्जून घेतली. पद सुरू होताच आम्ही मागे वळून पाहिले, तो दुसऱ्या रांगेतील काकूंची खुर्ची रिकामी! थंडीमुळे आल्या नसतील, अशी आम्ही मनाची समजूत घातली.

दोन दिवसांनी शाळेचा पहारेकरी सहज बोलून गेला, “वो बूढ़ी अम्मा डेढ़ घंटा खड़ी रहीं, फिर रिक्शा करके चली गईं.” त्यालाही आम्ही काही सांगितले नव्हते, मग तो बिचारा त्यांना काय सांगणार?

वाचकहो, जुन्या नाटक मंडळ्यांची व्यवस्था काही आदर्श नव्हती. तरी प्रेक्षक ही आपल्यावर सोपविलेली ठेव आहे, अशी जाणीव त्यांच्यांत होती. १९११ साली मुंबईत 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच बालगंधर्वांची कन्या वारली, आणि जमलेल्या लोकांचा विरस होऊ नये म्हणून ते रंगभूमीवर उभे राहिले, ही हकीकत आपण सर्वांनी ऐकलेली आहे. आम्हांस ती नेहमी थोडी कठोर वाटत आली. लोकांस खरे कारण कळविले असते, तर तिकीट हाती धरूनही ते समजुतीने घरी गेले असते, असे आम्हांस वाटते. लोक रागावतात ते न सांगितल्याने.

मोठ्यांचेही असेच होते. चेन्नई येथे ए. आर. रहमान यांचा १२ ऑगस्ट २०२३ चा कार्यक्रम पावसामुळे ऐन दिवशी पुढे ढकलावा लागला. १० सप्टेंबरला तो झाला, तेव्हा तिकिटे काढलेले कित्येक रसिक गर्दीमुळे आत पोहोचूच शकले नाहीत. पुढे रहमान यांनी क्षमा मागितली, व ज्यांस आत येता आले नाही त्यांनी तिकिटाची प्रत पाठवावी, असे जाहीर केले. तेथे हजारोंचा जमाव होता. आमच्याकडे माणसे एकशे चाळीस, आणि त्या सर्वांचे क्रमांक लिहिलेले!

आम्ही दोघे काकूंकडे गेलो. त्यांनी चहा केला. दोनशे रुपये परत करू लागलो, तर त्या म्हणाल्या, “राहू द्या, पुढच्या वेळेस धरा.” मग थोडे थांबून, आवाज न चढविता, “अहो, गाडीला उशीर होतोच. पण माझा नंबर तुम्ही लिहून घेतला होतात ना? तो कशासाठी घेतलात?”

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्यांनी मागितलेले पद त्या रात्री गाइले गेले, हेही त्यांस सांगावे की नाही, ते कळेना. अखेर सांगितले. “कसे झाले?” एवढेच त्यांनी विचारले, आणि त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

घरी येऊन आम्ही पावतीपुस्तक उघडले. मोबाइलच्या गटात नसलेली नावे छत्तीस निघाली. पुढील बैठकीच्या वेळी तबलजींस अर्ध्या तासाचा उशीर होणार असे कळताच एकजण दारावर कागद चिकटवावयास धावला, आणि आम्ही ती छत्तीस नावे घेऊन दूरध्वनीपाशी बसलो. पहिला क्रमांक काकूंचा लाविला.

“बरे झाले सांगितलेत,” पलीकडून आवाज आला, “तोवर पोळ्या उरकून घेते.”