तारण

नागपुरात उमरेड रोडवर, सक्करदरा चौकाच्या थोडं अलीकडे, सोनेतारण कर्ज देणाऱ्या दुकानाची पिवळी पाटी आहे. मागच्या उन्हाळ्यात तिच्याखालच्या विजेच्या खांबावर कुणीतरी पत्रक चिकटवलं होतं : आज रात्री डोळे मिटले तर कुठे जाल? तुमचे तारण झाले आहे काय? खाली सभेची वेळ. बुधवार बाजारातून भाजीची पिशवी घेऊन येणारी एक बाई थांबली, वरची पाटी वाचली, खालचं पत्रक वाचलं आणि मला म्हणाली, "भाऊ, हे बी सोन्यावरच देतेत काय?"

मला हसू आलं. आमच्या मराठी ख्रिस्ती घरांत तारण म्हणजे सुटका, येशू तो तारणारा. त्याच शब्दाचा अर्थ गहाण असाही होतो, हे मला बरंच उशिरा, बँकेचा फॉर्म भरताना कळलं. पण घरी पोचेपर्यंत त्या बाईचा प्रश्न डोक्यातून जाईना. लहानपणी मला जी श्रद्धा मिळाली, तिच्यात गहाणाचा भाग होताच.

शब्बाथ शाळेच्या भिंतीवर दोन रस्त्यांचं चित्र होतं. मूळ चित्र 1866 सालचं, जर्मनीतल्या श्टुटगार्टचं. शार्लोटे राइलेन नावाच्या बाईंच्या कल्पनेतलं. पुढे ते जगभरच्या मिशनांत पोचलं. डावीकडे रुंद रस्ता : दारू, जुगार, नाटकघर, आणि वर टोकाला जळणारं शहर. त्या आगीच्या बाजूला एक आगगाडी धावते. विश्रांतीचा दिवस मोडणारी, रविवारी चालणारी गाडी. माझे वडील इतवारीहून नागभीडला जाणाऱ्या छोट्या गाडीवर गार्ड होते. ड्यूटी लागली की रविवारीही जात. इतवारीची गाडी, इतवारच्याच दिवशी! पाळकसाहेब छडीने तो डबा दाखवायचे आणि मला त्याच्या दारात हिरवी झेंडी धरलेले बाबा दिसायचे. कितीतरी रविवार मी ते परत येईपर्यंत जेवलो नाही. आई समजायची, पोराचं पोट बिघडलं.

भीतीने धरलेल्या श्रद्धेचं असंच होतं. इथलं आयुष्य तिकडच्या हवाली करून पावती घ्यायची. गहाण पडलेल्या पाटल्या आपल्याच असतात, पण त्या हातात घालून लग्नाला जाता येत नाही. सिनेमा, पतंग, तान्हा पोळ्याचा लाकडी बैल, सगळं मी पाहिलं ते तिजोरीच्या जाळीतून पाहावं तसं.

शेजारच्या काकूंकडे कुणी वारलं की गरुडपुराण लागायचं. कुंभीपाक, रौरव ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा, पण काकू निवांत. भोग संपला की जीव सुटतो, म्हणायच्या, पुन्हा जन्माला येतो. आमच्याकडे तशी सुटका नव्हती. गोव्याच्या ख्रिस्ती लोकांनी नरकाला 'यमकोंड' म्हणत यमाला कामावर कायम ठेवलं. फक्त शिक्षेची मुदत काढून टाकली.

कवी नारायण वामन टिळक मात्र ख्रिस्ती धर्मात या भीतीच्या दाराने आत आले नाहीत. 1893च्या सुमाराला ते नागपूरहून राजनांदगावला निघाले असता गाडीत एका अनोळखी युरोपियनाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं. टिळकांना पकडलं ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचंही आगगाडीनेच झालं, हे मला फार आवडतं. भीती नको असलेल्याला हा मोठा आधार. मी तो बरीच वर्षं वापरला. मग एकदा ते प्रवचन नीट वाचलं. नरकाग्नी तिथेही आहे, अगदी पहिल्याच अध्यायात. पण तो रविवारी गाडी चालवणाऱ्यासाठी नाही. भावाला मूर्ख म्हणणाऱ्यासाठी आहे.

तिथला मूळ शब्द गेहेन्ना, म्हणजे हिन्नोमचं खोरं. यरुशलेमच्या दक्षिणेला, तटाबाहेर. तिथे जुन्या काळी लोकांनी आपली पोरं आगीत होमली, म्हणून यिर्मया संदेष्ट्याने त्या जागेला शाप दिला. ऐकणाऱ्यांना ती जागा ठाऊक होती, पायी जाऊन येता येईल एवढी जवळ. मला हे कळलं तेव्हा चित्रातलं ते शहर एकदम खाली आलं. भांडेवाडीच्या डेपोतला कचरा उन्हाळ्यात पेटतो आणि वारा फिरला की आमच्या खिडक्यांशी तो वास येतो. त्या ढिगाऱ्यांवर माणसं पोतं घेऊन फिरत असतात.

आजीला त्या चित्राचं काही नव्हतं. ती बायबलातली लाजराची गोष्ट सांगायची. श्रीमंताच्या दारात पडलेला, फोडांनी भरलेला लाजर. कुत्री त्याचे फोड चाटतात. दोघं मरतात. अधोलोकातून श्रीमंत वर पाहतो आणि अब्राहामाला म्हणतो, लाजराला पाठव, बोट पाण्यात बुडवून माझी जीभ गार करू दे. "पाह्य," आजी म्हणायची, "आगीत पडला तरी हुकूम सुटला नाही त्याचा. अन् नाव कसं बराबर घेतलं? म्हंजे वळखत होता ना त्याले! रोज पाहे." मधली दरी देवाने खणली की श्रीमंताने दारातच खणून ठेवली होती, हे तिने कधी फोड करून सांगितलं नाही. ती भाकरी थापायला लागायची.

भांडेवाडीकडून एक बाई आमच्या गल्लीत येते. पाठीवर पोतं, बरोबर सातआठ वर्षांचा मुलगा. प्लॅस्टिक, पुठ्ठा वेचते. मे महिन्यात दुपारी फाटकाशी उभी राहून पाणी मागते. मी फ्रिजमधली बाटली काढून देतो. तीन वर्षं झाली असतील. मुलगा पाणी पितो तेव्हा ती त्याच्या डोक्यावर पदर धरते. "ओ बाई, बाटली ठेवून द्या तुमच्याकडे," असं परवा म्हणालो. नाव अजून विचारलेलं नाही.